कल्पना झकास, प्रोजेक्ट आडवा: टीम जमवून काम सुरू करताना या चुका टाळा

कल्पना सुचल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात काय काय होतं ते मला आता तोंडपाठ झालंय. व्हॉट्सॲप ग्रुप निघतो. प्रोजेक्टच्या नावावर दीड तास खल होतो. कुणीतरी ट्रेलोवर, म्हणजे कामं मांडून ठेवायच्या ॲपवर, बोर्ड उघडतं आणि त्यात रंगीबेरंगी कार्डं टाकतं. एखादा उत्साही प्राणी लोगोचे चार नमुने पाठवून 'कुठला घ्यायचा?' असं विचारतो. आठवडा संपेपर्यंत काम धडाक्यात सुरू झाल्याचा सगळ्यांचा समज झालेला असतो. नेमकं काय करायचंय, हे मात्र कुणीही कुठेही लिहिलेलं नसतं.

अडलेल्या टीमला हात द्यायला मला अधूनमधून बोलावणं येतं, तेही बहुतेकदा गाडं पुरतं रुतल्यावर. कारण शोधायला फारसं खणावं लागत नाही. चुका त्याच त्या असतात, फक्त माणसं बदलतात.

चूक पहिली आणि सगळ्यात महागडी: 'सगळ्यांना कळलंय' असं धरून चालणं

एका वाचनालयाचा प्रोजेक्ट होता. कल्पना साधी, 'वाचकांना घरबसल्या पुस्तकं मिळाली पाहिजेत.' टीममध्ये सात जण, सगळे समजूतदार आणि मनापासून काम करणारे. पहिल्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या, कामं वाटून घेतली आणि जो तो कामाला लागला. तीनेक महिन्यांनी मला निरोप आला, 'दोघा-तिघांचं वाजलंय, जरा येऊन बघता का?'

भांडण स्कॅनरवरून होतं. एका गृहस्थांनी मोठा स्कॅनर भाड्याने आणून कॉपीराइट संपलेली जुनी पुस्तकं स्कॅन करायला घेतली होती. एका बाईंनी तोवर एक्सेलमध्ये हजारो पुस्तकांची यादी केली होती, घरून शोधता यावं आणि पुस्तक राखून ठेवता यावं म्हणून. तिसऱ्याने कुरियरवाल्यांशी बोलणी सुरू केली होती, कारण त्याच्या डोक्यात पुस्तक वाचकाच्या दारात पोचवायचं होतं. एक्सेलची फाइल उघडली तेव्हा सगळा उलगडा झाला. स्कॅनिंगवाले म्हणाले, 'यात पानांची संख्याच नाही, मी वेळेचा हिशेब कसा करू?' कुरियरवाला म्हणाला, 'वजन कुठाय? दर वजनावर असतात.' बाई वैतागून म्हणाल्या, 'मला पानं आणि वजन कशाला हवंय? मी शोधायची यादी करतेय!'

तिघंही बरोबर होते. चालू मात्र तीन वेगळे प्रोजेक्ट होते, आणि तेही एकाच नावाखाली. आता प्रत्येक पुस्तक पुन्हा कपाटातून काढून पानं मोजायची की वजन करायचं, यावर ते भांडत होते. दोन्ही बाजूंनी 'आपलं ठरलंच होतं ना' हेच वाक्य येत होतं.

अशा वेळी मी चर्चा करू देत नाही. चर्चेत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं आणि बाकीचे पुन्हा माना डोलावतात. मी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देतो. प्रश्न एकच असतो: 'काम पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, आज जे करता येत नाही असं काय, कोणाला करता येईल?' पाच मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. त्या दिवशी सात चिठ्ठ्यांतून चार वेगवेगळी उत्तरं निघाली, आणि खोलीत जी शांतता पसरली ती पहिल्या मीटिंगमध्येच पसरायला हवी होती.

शेवटी ठरलं ते असं: घरून शोधायचं, पुस्तक राखून ठेवायचं आणि घ्यायला काउंटरवर यायचं. स्कॅनिंग नाही, कुरियर नाही. स्कॅनरवाले गृहस्थ पुढच्या दोन मीटिंगना आले नाहीत. वाईट वाटलं, पण हा रुसवा पहिल्याच आठवड्यात निघाला असता तर स्वस्तात पडला असता.

तेव्हापासून मी एका पानाचा आग्रह धरतो. वर त्या प्रश्नाचं उत्तर, खाली दोन याद्या: काय करणार आणि काय करणार नाही. दुसरी यादी लिहायला लोक फार कुरकुर करतात. 'नाही कशाला म्हणायचं, पुढेमागे करू की!' करा ना पुढेमागे, पण आत्ता लिहा की आत्ता नाही. आणि मजकूर एका पानात मावत नसेल, तर तुमचं अजून ठरलेलं नाही. अक्षर बारीक करून काही होणार नाही.

हे फक्त हौशी मंडळींचं होतं असं समजू नका. सिडनीच्या ऑपेरा हाउसचं काम 1959 मध्ये सुरू झालं तेव्हा वरच्या त्या प्रसिद्ध कवचांची भूमिती पक्की झालेली नव्हती. सरकारला घाई होती. छत कसं उभं राहणार याचा तोडगा 1961 मध्ये निघाला, आणि आधी उभारलेले आधार त्या वजनाला पुरणार नाहीत म्हणून त्यांवर पुन्हा काम करावं लागलं. इमारत 1963 मध्ये, 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये व्हायची होती. ती 1973 मध्ये खुली झाली, तेव्हा खर्च 10 कोटी 20 लाखांवर गेला होता. मूळ वास्तुविशारद योर्न उत्झोन 1966 मध्येच काम सोडून गेले होते. हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, 'पण शेवटी झालीच ना सुंदर?' झाली. तिचा जवळजवळ सगळा खर्च सरकारी लॉटरी काढून भागवला होता. तुमच्याकडे तशी सोय असेल तर खुशाल घाई करा.

किती वेळ लागेल, हे मनाला विचारणं

मन नेहमी आवडेल तेच सांगतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी स्वतःचाच एक किस्सा लिहून ठेवलाय. इस्रायलमध्ये शाळांसाठी एक अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करायला त्यांनी टीम जमवली होती. किती वेळ लागेल ते प्रत्येकाने कागदावर लिहिलं. सगळ्यांचे अंदाज दोन वर्षांच्या आसपास आले. मग त्यांनी टीममधल्याच एका अनुभवी तज्ज्ञाला विचारलं, 'अशी कामं करणाऱ्या दुसऱ्या टीमांना किती वेळ लागला?' तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, 'सुमारे चाळीस टक्के टीमांचं काम पूर्णच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली.' गंमत म्हणजे स्वतःच्या चिठ्ठीवर त्यानेही दोन वर्षांच्या आसपासच लिहिलं होतं. पुस्तकाला शेवटी आठ वर्षं लागली आणि ते कधी वापरलंच गेलं नाही.

म्हणून 'किती दिवस लागतील?' हा प्रश्न मी विचारतच नाही. 'याआधी असंच काम केलंस तेव्हा किती दिवस लागले होते?' असं विचारतो. आधी केलंच नसेल तर केलेल्या माणसाला फोन लावायला सांगतो. त्या फोनला दहा मिनिटं लागतात, तरी नवखे तो टाळतात. उत्साहावर पाणी पडेल याची धास्ती असते बहुतेक. ज्या कामात बाहेरच्या कुणाची सही किंवा परवानगी लागते, तिथे मी अंदाज दुप्पट करतो. याला शास्त्राचा आधार नाही, पण ही सवय मला अजून महागात पडलेली नाही.

'आपण सगळे मिळून बघू'

सगळे मिळून बघतात, म्हणजे कुणीच बघत नाही. प्रत्येक कामासमोर एक नाव हवं. दोन नावं नकोत, 'डिझाइन टीम' नको, 'आम्ही' तर नकोच. मदतीला पाच जण असोत, पण राहिलं तर फोन कुणाला करायचा हे ठरलेलं हवं. यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागत असेल तर समोरच्याला मुद्दा कळलाय, फक्त नाव द्यायचं जिवावर आलंय.

'नव्वद टक्के झालंय'

माझा खरा राग आहे तो या वाक्यावर. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या टॉम कारगिल यांचं एक जुनं निरीक्षण प्रोग्रामर मंडळी अजून हसत हसत सांगतात: पहिल्या नव्वद टक्के कामाला ठरलेल्या वेळातला नव्वद टक्के वेळ लागतो, आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के. हा विनोद आहे हे विसरून लोक तो इमानेइतबारे पाळतात.

त्या वाचनालयाच्या कामात पुस्तक शोधायची सोय एका मुलाकडे होती. पोरगा हुशार. दर आठवड्याला विचारलं की उत्तर ठरलेलं, 'झालंय जवळपास, थोडं फिनिशिंग राहिलंय.' यादीत पुढचं काम त्याच्यावर अडलेलं, त्याच्यापुढचं त्या कामावर. एके दिवशी मी सरळ काउंटरवरच्या कॉम्प्युटरसमोर बसलो आणि त्याला म्हटलं, 'चल, मी वाचक आहे. मला एका लेखकाची सगळी पुस्तकं हवीयत.' नाव टाईप केलं, तर निम्मीच पुस्तकं आली. यादीत त्याच लेखकाचं नाव कुठे आद्याक्षरांपुढे टिंब देऊन, कुठे टिंबाशिवाय, तर कुठे आडनाव आधी घालून लिहिलेलं होतं. शोध चोख चालत होता, नोंदी बेशिस्त होत्या. त्या नीट करायचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं, म्हणून तो त्याला 'फिनिशिंग' म्हणत होता. प्रत्यक्षात उरलेल्या कामातला तोच सगळ्यात मोठा भाग होता.

पोरगा खोटं बोलत नव्हता. टक्के विचारले की माणूस आपण किती राबलो ते सांगतो. किती उरलंय हे त्याला स्वतःलाही दिसत नसतं.

मी टक्के ऐकून घेणं बंद केलंय. कामाचे दोन-चार दिवसांत संपतील एवढे तुकडे करायचे, आणि तुकडा एकतर झाला किंवा नाही झाला. झाला असेल तर दाखवायचा. स्लाइड नको, स्क्रीनशॉट नको, चालवून दाखवायचा. लोकांना हे शाळामास्तरी वाटतं. वाटू दे.

उशीर झाला म्हणून माणसं वाढवणं

उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं घातली की आणखी उशीर होतो, हे आयबीएममध्ये मोठी कामं सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय. कारणही सरळ आहे. नव्याला शिकवायला जुन्याचा वेळ जातो, आणि बोलणी वाढतात ती माणसांच्या कितीतरी पट. पाच जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या 10 होतात, दहा जणांत 45. माणसं दुप्पट, गोंधळ साडेचारपट. अशा वेळी 'काय करणार' या यादीतली एखादी ओळ खोडावी. ते कुणालाच आवडत नाही, म्हणून माणसं वाढतात.

बाकीच्या, थोडक्यात

पहिल्याच दिवशी टूल निवडत बसू नका. पाच जणांच्या कामाला एक शीट पुरते.

मीटिंग संपल्यावर कोण, काय, कधीपर्यंत, या तीन गोष्टी लगेच लिहून पाठवा. 'नंतर पाठवतो' म्हणणारा पाठवत नाही.

वेळापत्रकात लोकांच्या सुट्ट्या, परीक्षा, घरची लग्नं आधी मांडा, मग कामं. उलटं केलं तर वेळापत्रक कागदावरच छान दिसतं.

सगळं तयार झाल्यावर वापरणाऱ्याला दाखवू, हा हट्ट सोडा. अर्धवट दाखवायची लाज वाटते हे मला कळतं, पण सहा महिने खपून केलेली वस्तू कुणालाच नको आहे हे कळतं तेव्हा जास्त लाज वाटते.

'मोठं स्वप्न बघा' वगैरे सांगणारे व्हिडिओ बघून झाले असतील तर बंद करा.

आणि सुरुवात करण्याआधी एक तास काढून प्रोजेक्ट बुडाला असं समजा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली ही युक्ती आहे, तिला प्रीमॉर्टेम म्हणतात. 'काय चुकू शकेल?' असं विचारायचं नाही, कारण त्यावर सगळे 'काही नाही, होईल' म्हणतात. वर्षभरानंतर प्रोजेक्ट पुरता बुडालाय असं धरून प्रत्येकाने कारणं लिहायची. एरवी मीटिंगमध्ये तोंड न उघडणारी माणसं या कागदावर भरभरून लिहितात. मी घेतलेल्या बैठकांत एक कारण जवळजवळ दरवेळी येतं: हे ज्याच्या जिवावर चाललंय तोच नोकरी बदलेल, आजारी पडेल किंवा कंटाळेल. त्यावर उपाय म्हणून मी फार मोठं काही करायला सांगत नाही. वेबसाइट, ईमेल आणि पैशांचा हिशेब, या तिन्हींचा ताबा निदान दोघांकडे द्यायला लावतो, आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे लॉगिन करून दाखवल्याशिवाय बैठक उठू देत नाही.