पेप्टाइड सिंथेसिसमध्ये या चुका टाळा

पेप्टाइड म्हणजे अमिनो ॲसिडची साखळी, ती आपण रेझिनच्या बारीक मण्यांवर (बीड्स) एकेक अमिनो ॲसिड जोडत वाढवतो, या जोडणीला कपलिंग म्हणतात. सगळ्यात आधी कायझर टेस्ट, म्हणजे जोडणी पूर्ण झाली का हे रंगावरून बघायची चाचणी, बीड्स निळे आले तर काही टोकं अजून न जोडलेली आहेत. प्रत्येक कपलिंगनंतर करायची, अगदी प्रत्येक. चार-पाच बीड्स काढून निनहायड्रिनमध्ये गरम करायला पाच मिनिटं लागतात आणि नवीन मुलं नेमकी तीच वाचवायला बघतात. आमच्या लॅबमध्ये एका मुलाने २२ अमिनो ॲसिडचा पेप्टाइड घेतला होता, मध्ये आयसोल्युसिनवर व्हॅलिन जोडायचं, दोन्ही साइड चेन गर्दी करणाऱ्या, म्हणजे तिथं कपलिंग रेंगाळणार हे आधीच माहीत. बीड्स फिकट निळे आले तर म्हणाला "झालंच की जवळजवळ", आणि कॅपिंग (न जोडलेली टोकं बंद करणं) न करताच पुढे गेला. शेवटी क्लीव्ह करून, म्हणजे साखळी रेझिनवरून सोडवून, मास (रेणूचं वजन, डाल्टनमध्ये) काढला तर हव्या त्या पीकच्या शेजारी ९९ ने कमी असलेला दुसरा पीक, जवळपास तेवढाच उंच. ९९ म्हणजे एक व्हॅलिन गायब. एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करणाऱ्या यंत्रावर, दोन्ही एकमेकांना चिकटलेले, कॉलमवर कितीही ग्रेडियंट (सॉल्व्हंटचं बदलत जाणारं प्रमाण) बदलून बघितले तरी सुटेनात, सगळं पहिल्यापासून करावं लागलं. त्याचा चेहरा अजून आठवतो, म्हणून एवढं लिहितोय. हिशोब करून बघा, २१ कपलिंग दरवेळी ९५% झाली तर शेवटी बरोबर साखळी उरते साधारण ३४%, ९९% झाली तर ८१%.

निळं दिसलं की मी ताजं अमिनो ॲसिड आणि ॲक्टिवेटर (जोडणी घडवून आणणारं रसायन) घालून परत कपलिंग करतो, तरी निळं राहिलं तर ॲसिटिक ॲनहायड्राइडने कॅप करतो, म्हणजे अर्धवट साखळी तिथंच थांबते आणि नंतर वेगळी करणं सोपं जातं. रंग बीड्सचा बघा, नुसता पाण्याचा नको. आणि साखळीच्या वाढत्या टोकाला प्रोलिन असेल तर कायझर निळी येतच नाही, तिथं क्लोरॅनिल टेस्ट करा.

दुसरं, जुना डीएमएफ, म्हणजे ज्यात ही जोडणी चालते तो सॉल्व्हंट. पडून राहिला की त्यात डायमिथाइलअमाइन तयार होतं आणि ते नको तेव्हा एफमॉक (अमिनो ॲसिडच्या टोकावरचं तात्पुरतं झाकण) काढायला लागतं, मग एकाच जागी दोन अमिनो ॲसिड जोडली जातात. माशासारखा वास आला की ती बाटली सिंथेसिसला वापरायची नाही, मुद्दाम हुंगायला मात्र जाऊ नका. मी उघडल्याची तारीख बाटलीवर लिहितो.

रेझिन अर्धा तास तरी फुगू द्या, घाई नको.

एचएटीयू (हा एक ॲक्टिवेटर) अमिनो ॲसिडपेक्षा जरा कमीच घ्या, जास्त झालं तर साखळीच्या टोकाला गुआनिडिन बसतं, मास ९८ ने वाढतो आणि ती साखळी तिथंच संपते.

ॲस्पार्टिक-ग्लायसिन जोडी असेल आणि मास १८ ने कमी आला तर ॲस्पार्टिमाइड (पाणी निघून तयार झालेलं कडं) झालंय, पुढच्या वेळी तिथं डीएमबी हा संरक्षक गट लावलेलं ग्लायसिन घ्या.

क्लीव्हेजनंतर २५२ जास्त आला तर आर्जिनिनवरचा पीबीएफ हा संरक्षक गट तसाच आहे, परत टीएफएमध्ये (क्लीव्हेजचं ॲसिड) टाका आणि वेळ द्या. १६ जास्त म्हणजे बहुतेक मेथिओनिन ऑक्सिडाइज झालं.

लांब साखळी असेल तर दहा-बारा अमिनो ॲसिड झाले की चिमूटभर रेझिन काढून क्लीव्ह करून मास बघा. व्हॅलिनचा घोटाळा तेव्हाच दिसला असता.