मशरूमसारखा ढग म्हणजे अणुस्फोट नव्हे: स्फोटांबद्दल बोलताना या चुका टाळा

4 ऑगस्ट 2020 रोजी बैरूतच्या बंदरात एका गोदामात साठवलेल्या सुमारे 2,750 टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. दोनशेहून अधिक माणसं गेली. ढिगारे उपसणं सुरू व्हायच्या आतच त्या व्हिडिओंखाली 'हा अणुबाँबच आहे' असा मजकूर फिरू लागला होता. ज्यांचं घर कोसळलं आहे, त्यांच्या डोक्यावर आता किरणोत्सर्गाची भीतीही बसवायची, हे मला फार गंभीर वाटतं. म्हणून पुढचा व्हिडिओ फोनवर येण्याआधी या चुका नीट समजून घेऊ.

ढगावरून निदान करणं

बैरूतचाच व्हिडिओ सावकाश बघा. आधी आगीचा करडा धूर आणि त्यात लुकलुकणाऱ्या ठिणग्या. मग मोठा स्फोट, आणि लगेच पाण्यावरून, इमारतींवरून झपाट्याने फुगत जाणारा पांढराशुभ्र घुमट. लोकांना घाबरवलं ते या घुमटाने. पण तो धूरही नव्हे आणि किरणोत्सर्गही नव्हे. आघात-लहर, म्हणजे स्फोटाने दाबलेल्या हवेची वेगवान लाट, पुढे सरकली की तिच्या मागे हवेचा दाब एकदम उतरतो, हवा गार पडते आणि दमट हवेतल्या बाष्पाचं क्षणभर धुकं होतं. दाब पूर्ववत झाला की ते विरून जातं.

छत्रीसारखा ढग तर कुठल्याही मोठ्या, तापलेल्या वायूच्या गोळ्याचा होतो. गोळा वर चढतो, कडा बाहेरून आत वळतात, खालची धूळ देठासारखी वर ओढली जाते. ज्वालामुखीवरही असा ढग दिसतो. उलट बैरूतच्या ढगाचा लालसर तपकिरी रंग नायट्रोजन डायऑक्साइडचा होता, आणि अमोनियम नायट्रेटच्या स्फोटात तो अपेक्षितच असतो.

बघायचा असतो तो प्रकाश. रासायनिक स्फोटात तापमान काही हजार अंशांपर्यंत जातं; अणुस्फोटात सुरुवातीला ते कोट्यवधी अंशांवर पोचतं. इतकी तापलेली वस्तू ऊर्जा मुख्यतः क्ष-किरणांच्या रूपात फेकते, भोवतालची हवा ते शोषून घेते आणि स्वतः पेटल्यासारखी चमकू लागते. म्हणून आघात-लहर पोचण्याआधीच उष्णतेची झळ पोचते, आणि ती दूरवरच्या वस्तू पेटवू शकते. शिवाय वातावरणातल्या अणुस्फोटाचा झोत दोनदा उजळतो: आघात-लहरीने तापलेली हवा मधे अपारदर्शक होऊन आतला गोळा क्षणभर झाकते, मग पुन्हा वाट मोकळी करते. 1960च्या दशकापासून उपग्रह ही दुहेरी चमक शोधत आले आहेत. डोळ्यांना किंवा फोनच्या कॅमेऱ्याला ती वेगळी दिसेलच असं नाही, पण निव्वळ ढगापेक्षा प्रकाशाचा पुरावा कितीतरी भक्कम.

'एवढा मोठा म्हणजे अणूच'

आकारावर जाऊ नका. डिसेंबर 1917 मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेलं 'माँ ब्लाँ' हे जहाज उडालं, तो स्फोट अंदाजे 2.9 किलोटनांचा होता (1 किलोटन म्हणजे टीएनटी या स्फोटकाच्या हजार टनांइतकी ऊर्जा). तेव्हा अणुविखंडनाचा, म्हणजे अणूचं केंद्रक दुभंगण्याचा शोधही लागला नव्हता. उलट बाजूला, अमेरिकेच्या 'डेव्ही क्रॉकेट' या अण्वस्त्राची क्षमता 10 ते 20 टन टीएनटीइतकीच होती, म्हणजे बैरूतपेक्षा कितीतरी कमी.

ऊर्जा कुठून येते याचा गोंधळ

मला सर्वांत जास्त खटकणारी चूक ही: 'आइन्स्टाइनचं सूत्र अणुबाँबला लागू, साध्या स्फोटकांना नाही.' वस्तुमान आणि ऊर्जा यांचं नातं सांगणारं हे सूत्र दोन्हींना सारखंच लागू आहे. 1 किलोटन ऊर्जा बाहेर पडली की वस्तुमान सुमारे 47 मिलिग्रॅमने घटतं, मग स्फोट टीएनटीचा असो वा युरेनियमचा. फरक इतकाच, की एकीकडे हे 47 मिलिग्रॅम हजार टन स्फोटकातून जातात आणि दुसरीकडे विखंडन झालेल्या जेमतेम 60 ग्रॅम युरेनियममधून. हिरोशिमावरच्या बाँबमध्ये सुमारे 64 किलो युरेनियम होतं. त्यातल्या एक किलोहूनही कमी भागाचं विखंडन झालं, आणि तेवढ्यातून सुमारे 15 किलोटन ऊर्जा सुटली.

याचं कारण अणूच्या रचनेत आहे. रासायनिक स्फोटात इलेक्ट्रॉनांची फेरमांडणी होते, बंध तुटतात, नवे जुळतात. अणुकेंद्रकाला धक्काही लागत नाही. दर रेणूमागे हाती येते ती काही इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (ऊर्जेचं अतिसूक्ष्म एकक) घरातली ऊर्जा. युरेनियमचं एक केंद्रक दुभंगलं की सुमारे 20 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट.

याच्याच जोडीची दुसरी समजूत म्हणजे स्फोटकात इंधनापेक्षा जास्त ऊर्जा असते. किलोमागे पेट्रोलमध्ये टीएनटीच्या जवळजवळ दहापट ऊर्जा असते! पण पेट्रोलला हवेतला ऑक्सिजन मिळेल तसं सावकाश जळावं लागतं. टीएनटीच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला असतो, आणि विघटनाची लाट त्यातून सेकंदाला जवळपास 7 किलोमीटर वेगाने धावते. संहार होतो तो या वेगामुळे.

किलोटनला किलोटन जोडणं

15 किलोटनांचा अणुबाँब म्हणजे 15 हजार टन टीएनटी, हे गणित ऊर्जेपुरतंच बरोबर. कमी उंचीवर हवेत झालेल्या अणुस्फोटाची साधारण निम्मी ऊर्जा धक्क्यात जाते, सुमारे 35 टक्के उष्णतेत आणि 15 टक्के किरणोत्सर्गात. रासायनिक स्फोटात मात्र ती बहुतेक धक्क्यातच जाते. म्हणूनच 1985 मध्ये अमेरिकेने न्यू मेक्सिकोत 'मायनर स्केल' या चाचणीत 4,744 टन रासायनिक स्फोटक उडवलं, ते 8 किलोटनांच्या अणुस्फोटाच्या धक्क्याची नक्कल म्हणून.

किरणोत्सर्ग आढळला म्हणजे अणुस्फोट

जपानमधल्या फुकुशिमा अणुऊर्जा केंद्रात 2011 साली इमारतींची छपरं उडाली ती हायड्रोजनच्या स्फोटांनी, आणि तो रासायनिक प्रकार. 1966 मध्ये स्पेनमधल्या पालोमारेसवर विमानांची टक्कर होऊन चार हायड्रोजन बाँब खाली पडले. त्यातल्या दोहोंमधली साधी स्फोटकं आदळल्यावर उडाली, किरणोत्सारी प्लुटोनियम शेतांवर पसरलं, पण अणुस्फोट झाला नाही. अणुस्फोटासाठी साखळी अभिक्रिया (एका केंद्रकाच्या दुभंगण्याने पुढची केंद्रकं दुभंगत जाणं) ठराविक रचनेत, अतिशय अचूक वेळी पेटावी लागते. आगीने किंवा आपटल्याने ती सहजासहजी घडत नाही. 'डर्टी बाँब'ही याच वर्गातला: साधं स्फोटक, सोबत किरणोत्सारी पदार्थ.

फक्त भूकंपमापकावर विसंबणं

1993 मध्ये नेवाडातल्या चाचणीक्षेत्रात जमिनीखाली साधारण 1 किलोटनाचा रासायनिक स्फोट मुद्दाम घडवला गेला. त्याच्या लहरी तिथल्या अणुचाचण्यांच्या लहरींशी इतक्या मिळत्याजुळत्या निघाल्या, की नुसत्या आलेखावरून दोन्ही वेगळे ओळखणं अवघड. नैसर्गिक भूकंप वगळता येतो; स्फोट कसला होता ते ठरवायला हवेचे नमुने लागतात. झेनॉनची किरणोत्सारी रूपं विखंडनातून तयार होतात, रासायनिक स्फोटातून नाही, आणि हा वायू कशाशी फारसा संयोग करत नसल्याने खडकाच्या भेगांतून बाहेर निसटतो. अणुभट्ट्यांमधूनही तो थोडा सुटतो, म्हणून वारा कुठून आला याचा हिशेब मांडावा लागतो. 9 ऑक्टोबर 2006 रोजी उत्तर कोरियाने केलेली चाचणी 1 किलोटनाहून लहान होती. सुमारे दोन आठवड्यांनी कॅनडातल्या यलोनाइफच्या केंद्रावर, हजारो किलोमीटर दूर, झेनॉन-133चा माग लागला आणि वाऱ्याचा मार्ग उलटा शोधणारं गणित त्या चाचणीशी जुळलं.