गॅसकटर खाली ठेवा: प्रीकास्ट पॅनेलच्या सार्वजनिक इमारतींत या चुका टाळा

शाळा, वसतिगृह, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याची प्रशासकीय इमारत अशा कामांमध्ये आता प्रीकास्ट पॅनेल, म्हणजे कारखान्याच्या यार्डात साच्यात आधीच ओतून साइटवर आणलेल्या काँक्रीटच्या भिंती, सर्रास येऊ लागली आहेत आणि सोबत 'पर्यावरणपूरक' हा शब्दही येतो. मला ही पद्धत मनापासून पटते. लोखंडी साचा शेकडो वेळा वापरता येतो, सेंटरिंगच्या फळ्या फुकट जात नाहीत, गिलावा बहुतेक वाचतो, साइटवर राडारोडा आणि पाण्याची नासाडी कमी होते. मात्र विटेच्या भिंतीत गवंडी जागेवर जी चूक सावरून घेतो ती पॅनेलमध्ये सावरता येत नाही. ओतण्याआधी जे ठरवलं नाही, ते नंतर ब्रेकर लावून फोडावं लागतं आणि वाचवलेलं सिमेंट तिथेच वाया जातं. गेली कित्येक वर्षं मी त्याच त्या चुका पाहतो आहे. त्यातल्या दोन मला सर्वांत जास्त त्रास देतात, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो.

सळई जुळत नाही म्हणून कापणं

पायाच्या काँक्रीटमधून उभ्या सळया वर काढलेल्या असतात. पॅनेलच्या तळाला नळ्या असतात. पॅनेल क्रेनने खाली उतरतं, सळया नळ्यांत शिरतात, मग नळीत ग्राउट (सिमेंटचं वाहतं मिश्रण) भरलं की पॅनेल आणि पाया एक होतात. भूकंपात, वादळात ती भिंत जागेवर राहते ती या सळयांमुळे.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयाच्या कामावरची गोष्ट. पॅनेलखाली २० मिमीच्या सहा सळया होत्या. पाया ओतताना सळया जागेवर धरणारी साचापट्टी कोणी लावली नव्हती आणि व्हायब्रेटरच्या धक्क्याने दोन सळया बोटभर सरकल्या होत्या. मी दुपारी पोचलो तेव्हा पॅनेल उभं होतं, तिरके टेकू लागले होते, ओळंबा अचूक होता. सगळे खूश. ग्राउट दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचं होतं. भंगाराच्या ढिगाजवळून जाताना मला हातभर लांबीचे दोन तुकडे दिसले, टोकं निळसर जळलेली. मुकादमांना विचारलं, "मामा, हे तुकडे कुठले?" ते जरा थांबले आणि म्हणाले, "साहेब, चार बसल्यात की. दोनच आडव्या येत होत्या. क्रेन उभी, भाडं चढतंय, वरून फोनवर फोन."

त्या माणसाचा मला राग आला नाही. क्रेनच्या भाड्याची भीती घालून त्याला घाई करायला लावणाऱ्यांचा आला. ग्राउट भरून झालं असतं तर त्या नळ्यांत सळई आहे की नाही हे बाहेरून कुणालाच कळलं नसतं. कोयनेपासून फार दूर नसलेल्या गावातलं ते रुग्णालय. पॅनेल उतरवलं, स्ट्रक्चरल डिझायनरकडून लेखी घेतलं, त्यांनी दाखवलेल्या जागी भोकं पाडून इपॉक्सी या चिकट रसायनाने नव्या सळया बसवल्या, ओढून चाचणी घेतली. चार दिवस गेले.

१६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली पॅनेल इमारतीत अठराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला. एक भिंत बाहेर ढकलली गेली आणि इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. इमारतीत लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पॅनेल भक्कम होती, पण त्यांना एकमेकांशी बांधणारे जोड तसे नव्हते. नवीन मुलांना मी साइटवर पहिल्या दिवशी हीच घटना सांगतो.

माझी सवय अशी. पाया ओतताना सळयांवर भोकं पाडलेली लोखंडी पट्टी, आणि ती काँक्रीट घट्ट होईपर्यंत काढायची नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक सळई मी स्वतः टेपने मोजतो, तीही ग्रिडलाइनपासून, म्हणजे नकाशातल्या मूळ आखणीच्या रेषेपासून. शेजारच्या सळईपासून मोजत गेलं की चूक वाढत जाते. ५ मिमीपेक्षा जास्त सरकलेली सळई दिसली की आकडा लगेच यार्डाला कळवतो, कारण पॅनेल ओतायच्या आधी नळी तेवढी सरकवायला काही खर्च येत नाही. एवढं करूनही उभारणीच्या दिवशी जुळलं नाही, तर पॅनेल परत खाली. गॅसकटर मी त्या मजल्यावर येऊच देत नाही.

ग्राउटमध्ये पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मापाच्या भांड्याने. पातळ केलं की ते झरझर वाहतं आणि काम करणाऱ्याला बरं वाटतं, पण सुकताना आकसतं. खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून सलग, बुडबुड्याविना बाहेर आलं की बूच मारायचं. उन्हाळ्यात हे काम सकाळी नऊच्या आत आटपावं.

नुसत्या काँक्रीटच्या भिंतीला हरित म्हणणं

ही दुसरी चूक, आणि हिच्याबद्दल कुणाशी बोलायला गेलं की लोक चिडतात. १५० मिमी जाडीचं भरीव पॅनेल दर चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, साधारण ३.८ वॅट उष्णता आत सोडतं. गिलावा केलेली ९ इंची विटेची भिंत सोडते साधारण २ वॅट. २०० मिमी एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) तर १ वॅटपेक्षाही कमी. म्हणजे सिमेंट वाचवलं, फळ्या वाचवल्या आणि पुढची पन्नास वर्षं पंखे, कूलर आणि एसीच्या बिलात ते सगळं गमावलं.

विदर्भातल्या मुलींच्या एका वसतिगृहात एप्रिलच्या रात्री मी गेलो होतो. पश्चिमेची भिंत भरीव पॅनेलची, छज्जा नाही, बाहेरून गडद रंग. रात्री दहा वाजता भिंतीवर हात टेकवत नव्हता. मुलींनी सगळ्या खाटा ओढून खोलीच्या मध्यावर आणल्या होत्या आणि दोन दोन जणी एका खाटेवर पंख्याखाली झोपल्या होत्या. नकाशावर १६ खाटांची खोली, आणि वापरात निम्मीच. ती खोली माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

यावर उपाय आहे, सँडविच पॅनेल: दोन काँक्रीटच्या थरांमध्ये ५० मिमी थर्माकोल. त्याचा आकडा ०.६ वॅटच्या आसपास येतो. पण इथेही शॉर्टकट आहे. उचलायला आणि जोडायला सोपं जावं म्हणून काही जण पॅनेलच्या चारही कडांना १५० मिमीची भरीव पट्टी ठेवतात. हिशेब करा. ३ बाय ३ मीटरच्या पॅनेलमध्ये ही पट्टी १९ टक्के जागा खाते आणि सरासरी आकडा ०.६ वरून १.१ च्या पुढे जातो. थर्माकोलचे पैसे पूर्ण मोजले, आणि उष्णता मात्र जवळपास दुप्पट आत आली. मी थर्माकोल कडेपर्यंत नेतो आणि काँक्रीटचे दोन थर जोडायला शक्य तिथे स्टीलऐवजी काचतंतूच्या पिना मागतो. पश्चिमेला छज्जा आणि फिका रंग यावर तर वाद घालण्यासारखं काही नाहीच.

जोड बारीक ठेवणं

आर्किटेक्टला बारीक रेघ सुंदर वाटते, म्हणून दोन पॅनेलमधला जोड ८-१० मिमी ठेवतात. ६ मीटरचं पॅनेल ४० अंशांच्या फरकाला अडीच मिमीहून जास्त हलतं. १० मिमी जोडातलं साधं २५ टक्के क्षमतेचं सीलंट (जोड बुजवणारा रबरासारखा लेप, जो रुंदीच्या २५ टक्के ताण सोसतो) जेमतेम तेवढंच ताणतं. त्यात उभारणीतली चूक मिळवली की पहिल्याच हिवाळ्यात ते कडेला सुटतं, आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणी जूनमध्ये भिंत आतून ओली होते. जोड २० मिमी ठेवा, मागे फोमची दोरी घाला, सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी ठेवा. कोकणात मी केवळ सीलंटवर कधीच अवलंबून राहत नाही. आडव्या जोडात खालच्या पॅनेलला आतल्या बाजूने उंच कड ठेवतो, म्हणजे पाणी आत आलं तरी चढू शकत नाही आणि बाहेरच निघतं.

बाकीच्या, थोडक्यात

वायरिंगचा नकाशा पक्का नसताना पॅनेल ओतू नका. नंतर कटरने झिरी पाडताना सळईवरचं काँक्रीटचं आवरण जातं.

पॅनेल उचलायच्या दोन पायांच्या स्लिंगचा (दोराचा किंवा साखळीचा) कोन आडव्यापासून ६० अंशांच्या खाली नेऊ नका. ३० अंशांवर एकेका पायावर पॅनेलचं अख्खं वजन येतं.

आडव्या थप्पीत लाकडी ठोकळे एकाखाली एकच हवेत. ठोकळा सरकला की खालचं पॅनेल तडकतं.

सिमेंटऐवजी स्लॅग (पोलादभट्टीची मळी) किंवा राख जास्त घातलेलं मिश्रण सुरुवातीला हळू ताकद धरतं. यार्डवाले घड्याळ बघून पॅनेल उचलतात. उचलायचं ते क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचा नमुना ठोकळा, दाबून ताकद तपासून. आणि ताकद लवकर यावी म्हणून काँक्रीटला वाफ देतात, तिचं तापमान ७० अंशांच्या वर नेलं, तर भेगा काही वर्षांनी दिसतात, तेव्हा यार्ड कुठे आणि ठेकेदार कुठे.

पॅनेलची रुंदी ठरवण्याआधी घाटातली वळणं स्वतः जाऊन पाहा. २.६ मीटरपेक्षा रुंद माल आडवा टाकला की ट्रेलरला खास परवाना लागतो.

आणि प्रत्येक प्रकारचं पहिलं पॅनेल यार्डातच शेजारच्या पॅनेलला लावून उभं करा. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, खिडकीवाला, सगळ्यांना बोलवा. गेल्या कामावर प्लंबर टेप घेऊन आला आणि दहा मिनिटांत म्हणाला की संडासाच्या पाइपचं भोक फरशीच्या तयार पातळीपासून धरलेलं नाही. त्या प्रकारची अजून ४२ पॅनेल ओतायची होती.