तंत्रज्ञानाची बातमीदारी करायची असेल तर आधी आकड्याची हद्द विचारा

कोडिंग येत नाही म्हणून या बीटपासून लांब राहू नका. ते गरजेपुरतं शिकता येतं. माणसं बुडतात ती प्रेस नोटमधल्या खऱ्या आकड्यात. हो, खऱ्याच. खोटा आकडा कधी ना कधी पकडला जातो. खरा आकडा सगळ्यांना फसवून जातो आणि त्याने मला अजूनही घाम फुटतो.

उदाहरण घ्या. 5 डिसेंबर 2022 ला अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेसरने इंधनाची गोळी असलेल्या छोट्या लक्ष्यावर 2.05 मेगाज्यूल ऊर्जा सोडली आणि संलयनातून, म्हणजे अणुकेंद्रं एकत्र जुळण्यातून, 3.15 मेगाज्यूल निघाली. ऐतिहासिक गोष्ट, वादच नाही. पण ते लेसर चालवायला ग्रिडमधून सुमारे 300 मेगाज्यूल वीज लागली होती. शास्त्रज्ञांनी हे लपवलंही नव्हतं. तरी कितीतरी मथळ्यांत उरलं ते एवढंच: घातली त्याहून जास्त ऊर्जा मिळाली. कुठे घातली? लक्ष्यावर की अख्ख्या यंत्रणेत? मोजमापाची रेघ कुठे ओढली आहे, हे विचारल्याशिवाय एक ओळ लिहू नका.

दुसरी रेघ तुलनेची. 2019 मध्ये गूगलने जाहीर केलं की त्यांच्या 53 क्यूबिटच्या (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं एकक) चिपने 200 सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकाला 10,000 वर्षं लागतील. आयबीएमचं म्हणणं पडलं, अडीच दिवस पुरतील. म्हणजे 200 सेकंदांवर वाद नव्हताच. वाद होता तो समोरच्या महासंगणकाला कोणत्या पद्धतीने कामाला लावायचं यावर, आणि ते मथळ्यात मावत नाही.

एम्बार्गोची प्रत, म्हणजे ठरल्या वेळेआधी छापायचा नाही या अटीवर मिळालेला निबंध, हातात पडली की आधी शोधनिबंधातली पद्धत वाचा, सारांश नंतर. मग त्याच विषयातल्या, पण निबंधावर नाव नसलेल्या दोघांना फोन करा. कंपनीने दिलेल्या ‘स्वतंत्र तज्ज्ञां’ना मी त्यात धरत नाही. यात बातमी दिवसभर मागे पडेल, संपादक चिडेल. चिडू दे.

घाबरलात? नको. पहिली काही वर्षं निम्मं डोक्यावरून जातं, सगळ्यांचंच. ‘पुन्हा सांगा, समजलं नाही’ असं शास्त्रज्ञाला बिनदिक्कत म्हणा. बहुतेकांना ते आवडतं. ज्यांना आवडत नाही त्यांच्या दाव्याकडे मी जरा जास्तच निरखून बघते.

मेंटॉर शोधत फिरू नका. डेस्कवरचा खवट उपसंपादक पुरे. महागडे कोर्स आणि कंपनीच्या खर्चाने होणारे दौरे यांबद्दल माझं मत वाईट आहे, ते तसंच राहू दे.

पुढे या विषयावर पुस्तक लिहायचं झालं तर उपकरणावर लिहू नका. छापून येईपर्यंत ते जुनं होतं. ते बनवणाऱ्यांच्या भांडणांवर, पैशावर, फसलेल्या प्रयोगांवर लिहा. प्रत्येक मुलाखतीची तारीख नोंदवा आणि रेकॉर्डिंग दोन ठिकाणी ठेवा, कारण प्रकाशकाचा वकील तेच मागतो आणि तोवर तुम्ही मुलाखत घेतलेला कंपनीचा संस्थापक ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणायला लागलेला असतो.