गाडी रीमॅप करण्याआधी हिशेब कसा करावा

"स्टेज वन करू का? वॉरंटी जाईल का?" आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणी टर्बो-पेट्रोल गाडी घेतली की सहा महिन्यांत हे दोन प्रश्न घेऊन माझ्याकडे येतो. रीमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, ईसीयूचं, सॉफ्टवेअर बदलून जास्त ताकद काढणं; पार्ट न बदलता नुसतं तेवढंच केलं की ते स्टेज वन. तोवर त्यानं पंधरा व्हिडिओ पाहिलेले असतात आणि बहुतेकांत त्याला एकच आकडा दिसलेला असतो, हॉर्सपॉवरचा. गेली बारा वर्षं मी स्वतःच्या तीन आणि मित्रांच्या बऱ्याच गाड्या रीमॅप करून घेतल्या, दोनदा रीमॅप काढूनही टाकला. हॉर्सपॉवरच्या आकड्यावर हा निर्णय घेता येत नाही. सर्व्हिस वेळेवर होते, प्लग आणि कॉइल ठीक आहेत, कुठे गळती नाही, एवढं मी धरून चालतो. ते नसेल तर आधी ते करा.

१. वॉरंटीचे कागद काढा

कंपनीची मूळ वॉरंटी आणि एक्स्टेंडेड वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्स्टेंडेडच्या मागे बऱ्याचदा विमा कंपनी असते आणि तिची कलमं वेगळी असतात. दोन्हींत 'फेरफार' या शब्दाखाली काय लिहिलंय ते शोधा, संपण्याची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. वर्षापेक्षा कमी वॉरंटी उरली असेल तर माझं मत स्पष्ट आहे: थांबा, ती संपू द्या.

२. गिअरबॉक्सची मर्यादा आणि टॉर्कचा आलेख

मी पहिल्यांदा चुकलो ते इथेच, म्हणून सगळ्यात जास्त इथेच बोलणार आहे.

गिअरबॉक्स आणि क्लच किती टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) झेपवण्यासाठी बनवलेत, हा आकडा इंजिनाच्या आकड्याआधी शोधा. फोक्सवॅगन समूहाचा डीक्यू२०० हा ड्राय क्लचचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, २५० न्यूटन मीटरसाठी आहे. आपल्याकडच्या व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाकमधलं १.५ टीएसआय टर्बो-पेट्रोल इंजिन १५० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) आणि २५० न्यूटन मीटर देतं. म्हणजे त्या गाड्या डीएसजीमध्ये घेतल्या तर शोरूममधून निघतानाच मर्यादेला टेकलेल्या असतात. याउलट २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस ३५० न्यूटन मीटरची होती आणि तिचा डीक्यू२५० वेट क्लचचा, तेलात बुडालेला. उष्णता काढून टाकण्यात तो ड्राय क्लचच्या कितीतरी पुढे आहे. 'स्टेज वन सेफ असतं' हे वाक्य या दोन गाड्यांना सारखंच कसं लागू पडेल?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "कंपनी तीस टक्के मार्जिन ठेवतेच." ठेवते. कशासाठी ठेवते ते कुणी सांगत नाही. खराब पेट्रोल, मे महिन्याची दुपार, झिजलेले पार्ट, एका इंजिनापेक्षा दुसरं थोडं कमअस्सल निघणं, या सगळ्यासाठी ते असतं. सायनपासून घाटकोपरपर्यंत रोज संध्याकाळी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणारी गाडी ते मार्जिन आधीच खात असते. जर्मनीतल्या मोकळ्या रस्त्यावर कुणाचं पन्नास हजार किलोमीटर नीट गेलं, यावरून तुमच्या क्लचबद्दल काही कळत नाही.

आता आलेख. ट्यूनर, म्हणजे रीमॅप करून देणारा, तुम्हाला आलेखाचा उजवा शेंडा दाखवतो. तुम्ही डावी बाजू बघा, १,५०० ते ३,००० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे). पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. न्यूटन मीटरला आरपीएमनं गुणून ७,०२४ नं भागलं की पीएस मिळतात. २५० न्यूटन मीटर १,६०० ला म्हणजे फक्त ५७ पीएस. तेच २५० न्यूटन मीटर ४,५०० ला १६० पीएस होतात. १.५ टीएसआयचा मूळ टॉर्क १,६०० ते ३,५०० पर्यंत सपाट आहे आणि मग उतरतो. म्हणजे टॉर्क एका न्यूटन मीटरनंही न वाढवता, नुसता तो सपाट भाग ४,५०० पर्यंत लांबवला तरी गाडी वरच्या आरपीएमला चांगली मोकळी होते. ट्यूनरकडे हे मागायचं: टॉर्क उंच नको, लांब हवा. त्यालाही हद्द आहे, छोटा टर्बो वरच्या आरपीएमला दमतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं, म्हणून ६,००० पर्यंत ताणायला लावू नका.

बहुतेक तयार रीमॅप फाइल्स याच्या उलट करतात. टेस्ट ड्राइव्हला दोन हजार आरपीएमवर पाठीत धक्का बसला की गिऱ्हाईक खूश होतं. मीही झालो होतो. माझी ती पहिली गाडी मॅन्युअल हॅचबॅक होती. सात महिन्यांनी चार माणसं आणि सामान घेऊन खंडाळ्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, तर आरपीएमचा काटा वर गेला आणि गाडीचा वेग होता तिथेच राहिला. क्लच स्लिप होत होता. मागच्या सीटवर माझे वडील बसले होते, मागून ट्रक येत होते, आणि मी हॅझर्ड लाइट लावून कडेनं रांगत वर गेलो. लोणावळ्यात जळक्या क्लचचा वास घेऊन उभा होतो तेव्हा लक्षात आलं: क्लच किती झिजलाय हे ट्यूनरनं विचारलं नव्हतं, आणि दोन हजारला टॉर्क किती होणार हे मी विचारलं नव्हतं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि उघडल्यावर फ्लायव्हील, तिन्ही बदलले. खिशातून.

क्लच त्यातल्या त्यात स्वस्तात सुटणारी गोष्ट. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जास्त भार टाकला की स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. याला एलएसपीआय म्हणतात. सिलिंडरमध्ये आलेले ऑइलचे थेंब आणि साचलेला थर हे त्याचं एक मोठं कारण. एका झटक्यात पिस्टनची रिंगांमधली कड तुटू शकते आणि त्याआधी गाडी काही इशारा देईलच असं नाही. म्हणूनच ऑइलच्या मानकात २०१८ साली एपीआय एसएन प्लस आणि २०२० साली एपीआय एसपी आलं. दोन्हींत या प्रकारासाठी वेगळी चाचणी आहे. कंपनीनं सांगितलेलं स्पेसिफिकेशन पाळून त्यातलं एसपी असलेलं ऑइल घ्या. आणि सवय बदला: सहाव्या गिअरमध्ये इंजिन १,५०० आरपीएमला असताना पाय पूर्ण दाबायचा नाही, आधी गिअर खाली घ्यायचा.

ट्यूनरकडून लेखी घ्यायचं ते एवढं: १,५००, २,०००, २,५००, ३,५०० आणि ५,००० आरपीएमला टॉर्क किती, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तो किती कमी ठेवलाय. बऱ्याच ईसीयूमध्ये गिअरनुसार मर्यादा घालता येते, ड्राय क्लचच्या गाडीला ती घातलीच पाहिजे. "सर, एवढं कोणी विचारत नाही," असं उत्तर आलं तर चहा प्या आणि निघा.

३. 'सर्व्हिसला जाताना स्टॉक करून नेतो'

हा सल्ला मला सगळ्यात जास्त चीड आणतो. मूळ फाइल परत टाकली म्हणजे पाटी कोरी झाली, असं होत नाही. अनेक ईसीयूमध्ये किती वेळा फ्लॅश झालंय याची मोजणी राहते. सॉफ्टवेअरची एक पडताळणी संख्या असते, ती कंपनीच्या सर्व्हरवरच्या नोंदीशी ताडून पाहता येते. बिघाडाचे कोड नुकतेच पुसले असतील तर उत्सर्जनाच्या स्वयंचाचण्या अपुऱ्या दिसतात. पोर्शेचा ईसीयू तर इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं हे टप्प्याटप्प्यानं लिहून ठेवतो. अमेरिकेत फोक्सवॅगन-ऑडीच्या वर्तुळात टीडी१ हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे: बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की चासी नंबरापुढे ही खूण लागते आणि गाडी विकली तरी खूण गाडीबरोबर जाते.

पिगीबॅक बॉक्स, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर न बदलता सेन्सरच्या वायरवर जोडायचा डबा, लावला की सापडत नाही, हेही चूक. तो सेन्सरचा सिग्नल मध्येच बदलून ईसीयूला कमी बूस्ट (टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब) असल्याचं भासवतो. खरं बूस्ट किती हे ईसीयूलाच कळत नसेल तर तो इंजिनाला वाचवणार कसा? माझ्या मते चांगल्या रीमॅपपेक्षा बॉक्स जास्त धोक्याचा.

अमेरिकी व्हिडिओ पाहून काही जण मॅग्नसन-मॉस कायद्याचं नाव घेतात: फेरफारामुळेच बिघाड झाला हे कंपनीनं सिद्ध करायला हवं, वगैरे. तो १९७५ चा अमेरिकेचा कायदा आहे. तुमची गाडी ठाण्याच्या किंवा अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये उभी असते. इथे तुमच्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तुम्ही मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. तिथे दोष गाडीतला होता हे दाखवायचा भार तुमच्यावर येतो, आणि बदललेला ईसीयू हा समोरच्या वकिलाचा पहिला मुद्दा असतो. रीमॅपचा आणि बिघाडाचा संबंध नसेल, खिडकीची मोटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर असेल, तर जरूर भांडा, लेखी कारण मागा, जॉब कार्डची प्रत घ्या. पण रीमॅपनं उडालेला टर्बो स्टॉक फाइल टाकून वॉरंटीत बदलून घेणं ही फसवणूक आहे. मी ते करत नाही, कुणाला शिकवतही नाही.

४. पैसे आधी बाजूला काढा

सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जा. चासी नंबर देऊन टर्बो, क्लच किंवा गिअरबॉक्स, आणि शॉर्ट ब्लॉक (पिस्टन-क्रँकसह इंजिनाचा खालचा भाग) यांच्या किमती लिहून आणा. यातली सर्वांत मोठी रक्कम मुदत ठेवीत टाकता येत नसेल तर रीमॅप करू नका. वॉरंटी शिल्लक असताना रीमॅप करणं म्हणजे त्या भागांची वॉरंटी आजपासून स्वतः देणं. ईएमआय चालू असलेल्या पोराला मी हे सांगतो तेव्हा तो नाराज होतो. मी तरी सांगतो.

५. आरटीओ, पीयूसी, विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा पार्ट बसवणाऱ्या मालकाला कलम १८२अ खाली दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली डाउनपाइप (टर्बोनंतरची एक्झॉस्टची नळी) म्हणजे थेट प्रदूषणाचा गुन्हा, म्हणून ती बसवून केलेलं स्टेज टू मी कुणालाच सुचवत नाही. विमा कंपनीला फेरफार लेखी कळवा. न कळवता मोठा अपघात झाला तर क्लेम अडकण्याचं कारण तुम्हीच हातात दिलेलं असतं.

६. पेट्रोल

मॅप ९५ ऑक्टेनवर करून घ्या, १०० वर नाही. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० निघालं तेव्हा पहिल्या शहरांत मुंबई होती, पण सावंतवाडीला जाताना रात्री साडेअकराला ते मिळेल याची खात्री नसते. इथेनॉलचंही बघा. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५. परदेशी पेट्रोलवर बनवलेली फाइल जशीच्या तशी टाकली तर इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंपावर जास्तीचा भार येतो. इथल्या पेट्रोलवर इथेच जुळवलेला मॅप हवा.

७. डायनो, आणि मग लॉग

आधी स्टॉक, म्हणजे मूळ फाइलवरच्या, गाडीची डायनोवर (गाडी रोलरवर चालवून पॉवर मोजणारं यंत्र) धाव, मग रीमॅपची, त्याच दिवशी, त्याच पंख्यासमोर. मूळ फाइलची प्रत स्वतःकडे ठेवा. कोस्टल रोडवर मर्यादा ८० आहे, अटल सेतूवर १००. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत लॉग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) घेण्याचा विचारही करू नका.

पण डायनोवरचा लॉग पुरेसा नाही. पहिले पाचशे किलोमीटर झाले की रोजच्या रस्त्यावर, मर्यादेत राहून, पुन्हा लॉग घ्या: मागितलेलं आणि मिळालेलं बूस्ट, इनटेक हवेचं तापमान, लॅम्डा (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण), आणि प्रत्येक सिलिंडरचं स्पार्कचं टायमिंग किती मागे ओढलं जातंय. मग मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, अर्धा तास ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर आणखी एकदा. जानेवारीच्या सकाळचा सुंदर लॉग मुंबईत फारसा कामाचा नाही.

टायमिंग एखाद्या क्षणी दोन-तीन अंश मागे येणं मी चालवून घेतो. सतत चारच्या पुढे जात असेल तर नाही. एकाच सिलिंडरमध्ये होत असेल तर आधी प्लग, कॉइल आणि इंजेक्टर तपासा. चारही सिलिंडरमध्ये होत असेल तर टाकी दुसऱ्या पंपावरच्या चांगल्या पेट्रोलनं भरून बघा. तरी होतच असेल तर त्याच संध्याकाळी मूळ फाइल परत टाका, आणि मॅप दुरुस्त होऊन येईपर्यंत गाडी तशीच चालवा.