ऑफिसच्या आवाजात लक्ष लागत नाही? उपाय करताना या चुका टाळा

ऑफिसमधल्या आवाजाबद्दल कुणी तक्रार केली की बहुतेक ठिकाणी पुढचं ठरलेलं असतं. कुणीतरी मोबाइलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप उघडतं, आकडा ५०-५५ च्या आसपास दिसतो, "एवढा काही आवाज नाहीये" असं म्हणून विषय मिटतो. तक्रार करणारा मात्र उरलेलं काम घरी घेऊन जातो आणि हळूहळू आपणच कमी पडतोय असं त्याला वाटायला लागतं. मला हे फार खटकतं, कारण त्याची तक्रार बहुतेक वेळा खरी असते. लक्ष मोडायला आवाज मोठा असावाच लागतो असं नाही. बोलणं समजत असलं की पुरे. हे ध्यानात न घेता केलेले उपाय पैसे खातात आणि कधी कधी त्रास वाढवतात.

फक्त डेसिबल बघणं

समजा, तुम्ही बिलं तपासताय. ४७१६ हा आकडा मनात धरून दुसऱ्या शीटकडे वळता, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून फोनवरचं बोलणं कानावर येतं, "नाही नाही, सोळा नको, सतराला करू." दुसऱ्या शीटवर ४७६१ आहे. तुम्ही बरोबरची खूण करता आणि पुढे जाता. शेजारचा माणूस हळू आवाजातच बोलत होता.

आकडे, नावं, सूचनांचा क्रम या गोष्टी आपण मनातल्या मनात पुटपुटत धरून ठेवतो. त्याच वेळी कानावर पडणारे बदलते आवाजही मेंदू आपोआप ओळीने लावत असतो आणि दोन्ही ओळी एकमेकींत घुसतात, असं या क्षेत्रातले अनेक संशोधक मानतात. १९७६ साली कोल आणि वेल्श यांनी केलेला प्रयोग या विषयात पायाभूत मानला जातो. लोकांना डोळ्यांपुढे अक्षरं दाखवली आणि मागे जर्मन उतारा लावला. ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हतं, तरी अक्षरांचा क्रम आठवताना चुका वाढल्या. पुढच्या प्रयोगांत मागच्या बोलण्याचा आवाज कमी-जास्त करून पाहिला, तर त्याने फारसा फरक पडला नाही. पंख्याची एकसुरी घरघर मेंदू बाजूला टाकू शकतो, पण सतत चढ-उतार असलेलं बोलणं त्याला टाकता येत नाही. वाचन आणि लेखन करताना तर त्या बोलण्याचा अर्थही आड येतो, म्हणून समजणाऱ्या भाषेतलं बोलणं तिथे जास्त नडतं.

तेव्हा मोजायचंच असेल तर दुसरं काहीतरी मोजा. आपल्या नेहमीच्या जागेवर दहा मिनिटं बसा. नुसता आवाज आला तर कागदावर टिंब द्या. शब्द समजले तर फुली मारा आणि ते कुठून आले तेही टिपा. टिंबांची काळजी नको, फुल्या बघा. बहुधा निम्म्याहून जास्त फुल्या एक-दोन ठिकाणांहूनच आलेल्या दिसतात: एखादं टेबल, मीटिंग रूमचं दार, नाहीतर पाणी प्यायची जागा.

ध्वनितज्ज्ञही हेच मोजतात, फक्त काटेकोरपणे. बोलणं किती स्पष्ट पोचतं यासाठी ० ते १ असा निर्देशांक असतो. आयएसओ ३३८२-३ हे मानक खास ओपन ऑफिससाठी, म्हणजे सगळे एकाच मोकळ्या हॉलमध्ये बसतात अशा ऑफिससाठी, २०१२ साली आलं. बोलणाऱ्यापासून किती अंतरावर हा निर्देशांक ०.५० च्या खाली उतरतो ते त्यात मोजतात. ५ मीटरच्या आत उतरला तर ऑफिस चांगलं, १० मीटरच्या पुढे गेला तर वाईट. वाईट ऑफिसात एका माणसाच्या फोनने चार-पाच रांगांचं काम बिघडू शकतं.

ऑफिस अगदी शांत करून टाकणं

हे वाचायला उलटं वाटेल. पण जिथे टाचणी पडली तरी ऐकू येते, तिथे हॉलच्या दुसऱ्या टोकाचा फोनही शब्दन् शब्द कळतो. हवा खेळवणाऱ्या यंत्रणेची सौम्य घरघर त्या शब्दांवर पांघरूण घालत असते. ती बंद केली की डेसिबलचा आकडा उतरतो आणि फुल्या वाढतात. म्हणून काही ऑफिसांत छतातून मुद्दाम एकसारखा मंद आवाज सोडतात, साधारण ४५ डेसिबलच्या आसपास. याला मास्किंग म्हणतात. तो ४८ च्या वर गेला की लोक त्या आवाजाचीच तक्रार करू लागतात.

तज्ज्ञांशिवाय हा प्रयोग करायला जाऊ नका. कोपऱ्यात एक स्पीकर ठेवून त्यावर टीव्हीसारखी खरखर लावली तर जवळचे वैतागतात आणि लांबच्यांना काही उपयोग होत नाही. योग्य मास्किंगमध्ये वरच्या पट्टीतला आवाज कमी करत नेलेला असतो आणि तो सगळीकडे सारखा पसरतो. आणि आधी छत, पडदे, बसण्याची मांडणी सुधारा. उघड्याबोडक्या काचेच्या हॉलमध्ये नुसतं मास्किंग बसवणं म्हणजे गोंगाटात भर घालणं.

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतला की काम झालं, असं समजणं

हेडफोन बाहेरच्या लहरीच्या उलट लहर तयार करून आवाज खोडतो. हे खालच्या पट्टीतल्या, एकसारख्या आवाजाला छान जमतं: विमानाचं इंजिन, एसी, पंखे. साधारण १००० हर्ट्झच्या वर ही युक्ती कमकुवत पडत जाते आणि तिथे फक्त कानावरच्या गादीचा आडोसा उरतो. बोलणं समजायला लागणारी व्यंजनं, म्हणजे स, श, त, क, ट यांची ओळख, मोठ्या प्रमाणात याच वरच्या पट्टीत असते. त्यामुळे घरघर गायब होते आणि शेजाऱ्याचे शब्द आणखी सुटे ऐकू येतात. "हेडफोन लावूनही सगळं कळतंय, बिघडलाय वाटतं" असं लोक म्हणतात, तेव्हा तो सहसा बिघडलेला नसतो.

काय करता येईल? हेडफोनमध्येच पावसासारखा किंवा झऱ्यासारखा एकसलग आवाज अगदी हळू लावा. शेजारचे शब्द विरघळतील इतकाच ठेवा, त्यापुढे वाढवू नका. चष्म्याच्या काड्यांमुळे गादीला फट पडते का ते बघा. पडत असेल तर बराचसा फायदा तिथूनच गळून जातो. फोमचे इअरप्लग स्वस्त असतात आणि वरच्या पट्टीत फार चांगलं काम करतात, पण बहुतेक लोक ते अर्धवट घालतात. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो. दोन गोष्टींची काळजी घ्या. आगीचा भोंगा ऐकू आला पाहिजे. आणि बाहेरच्या गोंगाटाशी चढाओढ करत हेडफोनचा आवाज वाढवत नेऊ नका. तासन्‌तास मोठ्या आवाजात ऐकलं तर ऐकण्याची शक्ती कायमची कमी होऊ शकते.

आवडती गाणी लावून अवघड काम करणं

"मला गाण्यांशिवाय कामच होत नाही" म्हणणाऱ्यांना हे पटणार नाही, पण शब्द असलेलं गाणं म्हणजे कानाशी चाललेलं बोलणंच. परहॅम आणि व्हिझर्ड यांनी २०११ मध्ये आवडतं आणि नावडतं संगीत लावून क्रम लक्षात ठेवायची चाचणी घेतली. दोन्हींनी सारखाच तोटा झाला. गाणं आवडतं म्हणून मूड सुधारतो, पण लक्षात ठेवण्याचं यंत्र काही सुधारत नाही. फायली लावणं, ठरावीक साच्यातली नोंद, फोटो निवडणं अशा कामांना खुशाल लावा. करार वाचताना, हिशेब जुळवताना, अहवाल लिहिताना बंद ठेवा.

कॅफेतल्या गजबजाटात कल्पना सुचतात म्हणतात, त्याला थोडा आधार आहे. २०१२ च्या एका अभ्यासात ७० डेसिबलच्या गजबजाटात सर्जनशील चाचण्यांचे निकाल ५० डेसिबलपेक्षा चांगले आले आणि ८५ डेसिबलला घसरले. पण त्या गजबजाटात सुटे शब्द कळत नव्हते, आणि चाचणी नवं सुचण्याची होती, ताळेबंद तपासण्याची नव्हती.

"हळू बोला" अशी पाटी लावणं

पाट्यांनी फारसं काही होत नाही. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत आपला सूर चढवतो. एतिएन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे नोंदवलं आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. म्हणजे एक फोन दुसऱ्याला चढवतो, दुसरा तिसऱ्याला. शिवाय हळू बोललेलंही समजतंच. फोन तर जास्तच छळतो. २०१० मध्ये लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोघांचं पूर्ण संभाषण ऐकण्यापेक्षा एकाचीच बाजू ऐकताना लक्ष जास्त उडतं. पुढे काय बोलणार याचा अंदाज लागत नाही आणि मेंदू रिकाम्या जागा भरत बसतो.

म्हणून फोनची जागाच बदला. दोन मिनिटांपेक्षा लांबणारा फोन असेल तर उठून बूथमध्ये, जिन्यात, रिकाम्या खोलीत जायचं, हा नियम वरिष्ठांनी आधी पाळायला हवा. साहेब टेबलावर बसून स्पीकरवर बोलत असतील तर बाकी कुणी उठणार नाही. ज्यांचं काम दिवसभर फोनवरचंच आहे, त्यांना हिशेब किंवा लेखन करणाऱ्यांच्या शेजारी बसवू नका. एवढ्या एका अदलाबदलीने जितका फरक पडतो तितका महागड्या पॅनेलनेही अनेकदा पडत नाही. दोन्ही कान झाकणारा हेडसेट लावून बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही आणि तो जोरात बोलतो. हेडसेटमध्ये स्वतःचा आवाज परत ऐकवायची सोय असते. ती सुरू करा, नाहीतर एका कानाचा हेडसेट द्या.

भिंतीवर फोम चिकटवणं

आवाज शोषणं आणि आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मऊ, सच्छिद्र वस्तू खोलीतला घुमारा कमी करते. पलीकडचा आवाज थांबवायला जडपणा लागतो आणि फटी बंद असाव्या लागतात. अंड्यांचे ट्रे यातलं कुठलंच काम धड करत नाहीत.

ओपन ऑफिसात सुरुवात छतापासून करा. ते सगळ्यांत मोठं मोकळं पृष्ठ असतं आणि पार्टिशनवरून जाणारं बोलणं तिथेच आदळून पलीकडे उतरतं. छत कडक असेल तर पार्टिशन उंच करूनही निराशा होते. पार्टिशनचंही तसंच. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतो. त्याच्या खाली राहणारं पार्टिशन फायली टेकवायला ठीक, आवाजासाठी असून नसून सारखंच. १.५ मीटरच्या आसपास गेलं तर काही अर्थ आहे. मीटिंग रूममधून शब्द बाहेर येत असतील तर भिंतीवर खर्च करण्याआधी दाराखालची फट बघा, मग भिंत खोट्या छताशी थांबते की खऱ्या छतापर्यंत जाते ते बघा. बहुतेकदा आवाज वरूनच येत असतो. झाडांच्या कुंड्यांनी डोळ्यांना बरं वाटतं, बोलणं काही अडत नाही.

"होईल सवय"

ही चूक मला सगळ्यांत गंभीर वाटते. बोलण्याच्या आवाजाची मेंदूला फारशी सवय होत नाही, आणि झाली असं वाटलं तरी शरीर हिशेब ठेवत असतं. २००० साली इव्हान्स आणि जॉन्सन यांनी ४० महिला कारकुनांना तीन तास ओपन ऑफिससारख्या वातावरणात बसवलं, काहींना शांततेत, काहींना बेताच्या आवाजात. आवाजात बसलेल्यांच्या शरीरात अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलं. नंतर दिलेली न सुटणारी कोडी त्यांनी लवकर सोडून दिली. बसण्याची ढब बदलणंही त्यांचं कमी झालं, आणि तासन्‌तास एकाच ढबीत बसणं पाठ-मानेला घातक. ताण जाणवतोय का असं विचारल्यावर मात्र दोन्ही गटांची उत्तरं सारखीच होती. म्हणजे "मला काही त्रास नाही" हे उत्तर पुरेसं नाही.

उलट, आवाजावर आपला ताबा आहे एवढं माहीत असण्यानेही फरक पडतो. ग्लास आणि सिंगर यांच्या जुन्या प्रयोगांत काहींना आवाज बंद करायचं बटण दिलं होतं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही, तरी बटण नसलेल्यांपेक्षा ते नंतरच्या कामात जास्त चिकाटीने टिकले. सकाळचे दोन तास शांत खोलीत बसायची मुभा द्यायची असेल तर ती कारण न विचारता द्या. ज्यांना श्रवणयंत्र आहे, मायग्रेन आहे किंवा लक्ष टिकवणं मुळातच जड जातं, त्यांच्यासाठी ही मुभा गरजेची असते.

वरिष्ठांकडे जाताना "इथे फार आवाज होतो" एवढंच म्हणू नका. "अकरा ते एक या वेळात मी ताळेबंद तपासते, मीटिंग रूमच्या दारातून येणारे शब्द माझ्या जागेवर स्पष्ट कळतात, दाराखालची फट बंद करता येईल का, नाहीतर त्या दोन तासांपुरती जागा बदलून द्याल का?" असं सांगा. फुल्यांचा कागद सोबत न्या. त्यात कुणा सहकाऱ्याचं नाव घालू नका, नुसती जागा आणि वेळ पुरते. महिन्याभराने त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा दहा मिनिटं बसा. फुल्या तेवढ्याच राहिल्या तर पुढचा पैसा खर्च करण्याआधी शब्द आता कुठून येतायत ते शोधा.