फरशी बसण्याआधी प्लंबरकडून काय करून घ्यावे

प्लंबर भरवशाचा आहे की नाही हे त्याच्या दरावरून ठरत नाही. भिंतीत जाणाऱ्या पाइपांची चाचणी गिलाव्याआधी आणि घरमालकाच्या समोर घ्यायला तो राजी आहे का, यावरून ते ठरते. सांगली-मिरजेकडे नवे घर बांधताना किंवा जुने स्नानगृह फोडून नवे करताना मी हाच क्रम धरतो.

मजुरी पॉइंटवर, म्हणजे नळ-जोडण्यांच्या संख्येवर, ठरवायची असेल, तर पॉइंटमध्ये काय काय धरले आहे, झिरी (पाइपासाठी भिंतीत पाडायची खाच) मारणे आणि बुजवणे कोणाकडे आणि राडारोडा कोण उचलणार, हे कागदावर घ्यावे. गरम पाण्यासाठी आयएस १५७७८ हा भारतीय मानक क्रमांक छापलेला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारे प्लास्टिक) पाइप असावा आणि त्याचे सॉल्व्हंट, म्हणजे सांधे चिकटवायचे द्रावणही सीपीव्हीसीचेच असावे. थंड पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपाच्या द्रावणाचा उरलेला डबा त्यावर संपवू देऊ नये.

आता चाचणी. ‘टाकी भरली, कुठे गळत नाही, झाले’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो निरुपयोगी आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. म्हणजे एक-दोन मजली घरात गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्याच्या नळाला एक किलोसुद्धा मिळत नाही. अर्धवट बसलेला सांधा एवढा दाब सहज सोसतो आणि पुढे प्रेशर पंप बसवल्यावर दगा देतो. म्हणून हाताने चालवायचा टेस्टिंग पंप आणि चालू स्थितीतला गेज (दाब दाखवणारे काट्याचे मापक) आणायलाच सांगावे. शेवटचा सांधा चिकटवल्यानंतर एक दिवस जाऊ द्यावा, सगळी तोंडे प्लगने बंद करावीत, पंप सर्वांत खालच्या पॉइंटला जोडावा आणि सर्वांत वरचा प्लग सैल ठेवून, बुडबुडे थांबून अखंड धार लागेपर्यंत पाणी भरावे. त्यानंतर पाइप कंपनीची मर्यादा पाहून दाब द्यावा. घरगुती कामात मी तो सहा ते दहा किलोंच्या दरम्यान ठेवतो. पाण्याऐवजी कॉम्प्रेसरची हवा भरू म्हणणाऱ्याला साफ नकार द्यावा, कारण दाबलेल्या हवेने प्लास्टिकचा पाइप फुटला तर त्याचे तुकडे अंगावर येतात.

मला सर्वांत जास्त छळले ते गेजच्या काट्याने. एकही सांधा ओला दिसत नाही, तरी काटा हळूहळू उतरतो. अशा वेळी प्लंबर ‘गेजच खराब आहे’ म्हणतो आणि गवंडी गिलाव्याची घाई करतो. दोघांचेही ऐकू नये. आधी पंप आणि लाइन यांच्यामधला कॉक बंद करावा, म्हणजे पंपाच्याच वॉशरमधून होणारी गळती वगळली जाते. गेज अर्थातच कॉकच्या लाइनकडच्या बाजूला हवा. मग पुन्हा तेवढाच दाब देऊन ठरावीक वेळाने आकडा लिहावा. घट प्रत्येक वेळी कमी होत गेली, तर बहुधा आत अडकलेली हवा किंवा पाइपाचे ताणणे हे कारण असते. घट तेवढीच राहिली, तर गळती आहे असे धरून प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवावा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पश्चिमेची भिंत तापली की कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि रात्री उतरतो, त्यामुळे सकाळच्या आकड्याची तुलना दुसऱ्या दिवशी सकाळच्याच आकड्याशी करावी. लाइन चाचणीत पास झाली तरी गेज काढू नये. गिलावा आणि फरशी होईपर्यंत लाइन दाबाखाली ठेवली, म्हणजे कोणाचा खिळा किंवा छिन्नी पाइपात गेली तर काटा त्याच दिवशी सांगतो.

झिरी बुजवण्याआधी भिंतीला मोजमापाचा टेप लावून पाइपांचे फोटो काढावेत.

सांडपाण्याच्या पाइपाचे तोंड बंद करून पाणी भरून ठेवावे आणि पातळी उतरते का ते पाहावे. काळ्या मातीत पाइप थेट पुरू देऊ नये. माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खाली-वर वाळू हवी. कृष्णेचे पाणी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये ज्या सखल वस्त्यांत शिरले, तिथे बाहेरच्या चेंबरात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे आत येऊ न देणारी झडप) बसवून घ्यावा, आणि तो उघडून साफ करता येईल असा असावा. फरशीखाली गाडलेला व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकला की नसल्यासारखाच.

मजुरीचा शेवटचा हप्ता नळ बसवून, गीझर चालवून आणि सगळे कॉक एकेकदा बंद करून पाहिल्यावरच द्यावा.